दोष कोणाच्या नांवें? भूमिकाखेळांतील सामाजिक लांछनाच्या नोंदीचा इतिहास

(१) विषयप्रवेश

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी, ताम्रपट व जमाखर्चाच्या वह्या हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. खेळाच्या नियमांचें पुस्तक हेंही एक साधन होऊं शकेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अशा पुस्तकांत एक गोष्ट मिळते, जी सनदेंतही मिळणें कठीण. ज्या समजुती लोक बोलून दाखवीत नाहींत, त्या तेथें आंकड्यांनीं मांडाव्या लागतात. कारण आंकडा मांडल्यावांचून खेळ पुढें चालत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अमेरिकेंत गेल्या पन्नास वर्षांत वाढलेल्या एका खेळप्रकारांतील असाच एक आंकडा तपासणार आहों. ज्या पात्रास समाज हीन लेखतो, त्याच्या पत्रिकेंत त्या हीनत्वाची नोंद कोणत्या सदरांत करावी व तिची किंमत किती धरावी, हा तो प्रश्न होय. विषय पोरखेळाचा दिसेल. पण अशाच नोंदी आपल्याकडेही झाल्या आहेत, आणि कांहीं खुद्द आमच्या हातून झाल्या आहेत, हें पुढें दिसून येईल.

हा विषय आमच्याकडे अगदीं अनपेक्षित रीतीनें आला. आमची सोळा वर्षांची नात सुटींत मैत्रिणींसह हा खेळ खेळते. एके दिवशीं आपला कागद दाखवीत ती आनंदानें म्हणाली, "आबा, माझं पात्र अल्पसंख्य जमातीचं केलं, तर दहा गुण मिळाले. त्यांत तलवारबाजी घेतली!" हीनत्वाच्या मोबदल्यांत तलवारबाजी कशी मिळते, हें समजून घेण्याकरितां आम्हीं तिचें पुस्तक मागून घेतलें, आणि मग त्याच्या आधींचीं व नंतरचीं पुस्तकेंही पाहिलीं.

(२) खेळाचें स्वरूप

अपरिचित वाचकांकरितां खेळाची रीत थोडक्यांत सांगतों. ह्या खेळास सारीपाटासारखा ठराविक पट नाहीं. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात व प्रत्येक जण एका कल्पित पात्राचें सोंग केवळ वाणीनें वठवितो. एक जण सूत्रधार होतो. त्या कल्पित जगांतील राजे, चोर, दुकानदार व शत्रु हे सर्व त्याच्या मुखें बोलतात. पात्राचें बळ, बुद्धि व कसब हीं एका कागदावर आंकड्यांनीं लिहिलेलीं असतात. त्या कागदास आम्ही 'पात्रपत्रिका' म्हणूं. एखादें कृत्य साधलें कीं फसलें, याचा निर्णय फासे टाकून व पत्रिकेंतील आंकड्याशीं ताडून करितात.

ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचिला, आणि इ. स. १९७४ त अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांतून तो प्रसिद्ध झाला. पहिल्या छापाच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. पुढें निघालेले या जातीचे बहुतेक खेळ ह्याच मुळापासून फुटलेले आहेत.

(३) पहिली नोंद : देहाच्या सदरांत

ह्या आद्य खेळांत मनुष्यांखेरीज ड्वार्फ म्हणजे ठेंगू खाणकामी लोक, एल्फ म्हणजे दीर्घायुषी वनवासी लोक, इत्यादि वंश आहेत. मनुष्यपात्रास पराक्रमाच्या पायऱ्या चढण्यास मर्यादा नव्हती. ड्वार्फ योद्धा मात्र सहाव्या पायरीपुढें जाऊं शकत नसे. इ. स. १९७८ त निघालेल्या 'प्लेयर्स हँडबुक' या ग्रंथांत हा विचार आणखी विस्तारला. मनुष्यस्त्रीच्या बळास पुरुषाहून खालची मर्यादा घातली गेली. कोणता वंश कोणत्या वंशावर प्रेम करितो व कोणाचा द्वेष करितो, याचें एक कोष्टकच छापलें गेलें. अर्धा मनुष्य व अर्धा ऑर्क अशा संकरज पात्राचें बळ एकानें वाढवून त्याचा 'करिश्मा', म्हणजे इतरांवर पडणारी छाप, दोहोंनीं उणी केली.

ह्याच ग्रंथांत आम्हांस एक लहानशी टीप आढळली, व तिच्यापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. ड्वार्फाची छाप एकानें उणी धरावी, पण ती ड्वार्फांखेरीज इतरांच्या बाबतींतच, असा तिचा आशय आहे. म्हणजे ही उणीव ड्वार्फाच्या अंगीं नाहीं, पाहणाऱ्याच्या दृष्टींत आहे, हें ग्रंथकारानें स्वतःच कबूल केलें. आणि तरीही ती ड्वार्फाच्याच कागदावर, त्याच्या बळाच्या व बुद्धीच्या ओळींत लिहावयास सांगितली. वेदान्ताच्या अभ्यासकांस येथें स्फटिकाचा दृष्टान्त आठवेल. जास्वंदीचें फूल जवळ ठेविलें कीं शुभ्र स्फटिक तांबडा दिसतो. तांबडेपणा फुलाचा, परंतु अजाण मनुष्य तो स्फटिकाचा समजतो. येथें तर लेखक जाणता आहे. फूल कोठें आहे तें त्यास दिसतें, व तरीही नोंद तो स्फटिकाच्याच नांवें करितो.

स्त्रीच्या बळावरील मर्यादा इ. स. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत गेली, व पायऱ्यांची मर्यादा इ. स. २००० च्या तिसऱ्या आवृत्तींत. परंतु वंशावरून गुण वाढविण्याची व घटविण्याची चाल त्यानंतरही बरींच वर्षें टिकली.

(४) दुसरी नोंद : जमाखर्चाच्या सदरांत

दरम्यान पात्रपत्रिकेस जमाखर्चाच्या वहीचें रूप येऊं लागलें होतें. इ. स. १९८१ त निघालेल्या 'चॅम्पियन्स' या खेळांत प्रत्येक खेळाडूस ठराविक गुणांचें भांडवल मिळे व त्यांतून तो पात्राकरितां सामर्थ्य विकत घेई. भांडवल अपुरें वाटल्यास पात्रावर कांहीं उणिवा ओढवून घ्याव्या, म्हणजे तितके गुण अधिक जमा होत. कोणी वैरी मागावर असणें, कोणी दुबळें माणूस सांभाळावें लागणें, अशा प्रकारच्या त्या उणिवा असत. इ. स. १९८६ त टेक्सास संस्थानांतील स्टीव्ह जॅक्सन यांच्या मंडळीनें 'गर्प्स' नांवाचा खेळ काढिला, आणि ही हिशेबी पद्धति सर्व देशांस व सर्व काळांस लागू करण्याचा उद्योग केला. ह्या खेळाच्या उणिवांच्या यादींत आंधळेपण, लोभ, आळस, भित्रेपणा यांच्या बरोबरीनें 'सोशल स्टिग्मा', म्हणजे सामाजिक लांछन, हेंही एक कलम आहे.

इ. स. २००४ च्या चौथ्या आवृत्तींत त्या कलमाचे अनेक पोटभेद आहेत. दुय्यम नागरिक, उणे ५. अल्पसंख्य जमात, उणे १०. दास्यांत ठेविलेली जमात, उणे २०. असे त्यांतील कांहीं. अनोळखी माणूस पात्राशीं कसा वागेल, हें तीन फाशांच्या कौलानें ठरतें. अल्पसंख्य पात्र परक्यांपुढें उभें राहिलें कीं त्या दानांतून २ वजा करावयाचे, आणि स्वजमातीचा मनुष्य भेटल्यास २ मिळवावयाचे.

ह्या दोन आंकड्यांचा अर्थ गणितानें स्पष्ट होतो. तीन फाशांचीं दानें २१६ प्रकारांनीं पडतात. दान १० किंवा अधिक असल्यास समोरचा माणूस निदान तटस्थ राहतो. असे प्रकार १३५ आहेत. दोन वजा झाले म्हणजे मूळ दान १२ तरी पडावें लागतें. तसे प्रकार ८१ च भरतात. म्हणजे आठ अनोळखी माणसांपैकीं पांच जण ज्याच्याशीं निदान तटस्थपणें वागले असते, त्याच्याशीं लांछन लागतांच तीनच जण तसे वागतात. त्याचें बळ तेंच, विद्या तीच, वाणीही तीच; बदलतात तीं फक्त समोरचीं दोन माणसें.

न्यायानें बोलावयाचें तर ही दुसरी नोंद पहिलीहून पुष्कळच प्रामाणिक आहे. लांछन हें देहाचें वैगुण्य नसून समाजाचें कृत्य आहे, हें तिच्या नांवांतच आलें. देश बदलला, काळ बदलला, कीं तेंच पात्र लांछनमुक्त होतें. जन्मजात दुर्बलतेविषयीं असें म्हणतां येत नाहीं.

(५) पूर्वपक्ष व उत्तरपक्ष

ह्या हिशेबाच्या समर्थनार्थ असें म्हणतां येईल : "गुण हे पात्राच्या योग्यतेचें माप नाहींत. मेजाभोंवतीं बसलेल्या खेळाडूंमध्यें समता राहावी एवढाच त्यांचा हेतु. ज्या खेळाडूनें लांछित पात्र घेतलें, त्याच्या मार्गांत पदोपदीं अडथळे येणार. त्याची भरपाई न केल्यास तोच तोट्यांत राहील, आणि तसें पात्र कोणी घेणारच नाहीं." हा पूर्वपक्ष पोकळ नाहीं. आमच्या नातीस दहा गुण मिळाले ते ह्याच न्यायानें.

उत्तरपक्ष असा कीं, भरपाईची ही कल्पनाच इतिहासास सोडून आहे. हीन लेखलेल्या माणसास त्या हीनत्वाच्या बदल्यांत अधिक बळ किंवा अधिक विद्या मिळाल्याचें कोणत्या देशाच्या इतिहासांत दिसतें? उलट, विद्येचीं दारें त्यालाच प्रथम बंद होतात. महाभारतांतील रंगभूमीचा प्रसंग येथें पाहावा. कर्णानें अर्जुनाच्या तोडीचीं कृत्यें करून दाखविलीं, तेव्हां कृपाचार्यांनीं त्याचें कुल विचारिलें. दुर्योधनानें तत्क्षणीं त्यास अंगदेशाचें राज्य दिलें. ह्याहून मोठी भरपाई कोणती? परंतु घामानें भिजलेला वृद्ध अधिरथ काठी टेकीत सभेंत आला, कर्णानें त्यापुढें मस्तक लवविलें, आणि त्याच क्षणीं भीमाच्या मुखांतून सूतपुत्र म्हणून उपहास बाहेर पडला. राज्य मिळाल्यानें लांछन गेलें नाहीं. कर्ण मात्र दुर्योधनाचा जन्माचा ऋणी झाला. भरपाई देणारा कांहींतरी विकत घेत असतो, हें व्यासांनीं ओळखलें होतें.

दुसरी अडचण व्यवहारांतील आहे. सूत्रधार लांछनाची आठवण विसरला, तर खेळाडूस दहा गुण फुकट मिळतात. आणि लांछन केवळ सौद्याचें साधन होतें. तो न विसरला, तर प्रत्येक दुकानीं व प्रत्येक वेशीवर अपमानाचे शब्द त्यालाच बोलावे लागतात, आणि ऐकावे लागतात तेही एकट्या त्या खेळाडूस. तो खेळाडू प्रत्यक्ष जीवनांतही तसलाच अपमान सोसणारा असेल, तर खेळ कसला? ही गोष्ट लक्षांत घेऊनच जॉन स्टाव्रोपूलोस यांनीं इ. स. २०१३ च्या सुमारास एक साधी युक्ति प्रचारांत आणिली. मेजावर एक फुलीचें पान ठेवावयाचें. कोणासही एखादा प्रसंग असह्य झाला तर त्यानें त्या पानास हात लावावा, आणि कारण न विचारतां तो प्रसंग तेथेंच सोडून द्यावा.

परंतु मुख्य आक्षेप तिसरा आहे, आणि त्याचा पुरावा 'गर्प्स'च्याच ग्रंथांत आहे. त्या यादींत 'इन्टॉलरन्स', म्हणजे परद्वेष, अशीही एक उणीव आहे. जो पात्र सर्वच परक्यांचा द्वेष करितो त्याच्या नांवें उणे १०. एका नेहमींच्या आढळांतील जमातीचा द्वेष करितो त्याच्या नांवें उणे ५. म्हणजे द्वेष हा द्वेष करणाऱ्याचा दोष आहे, हें ग्रंथकारांस पूर्णपणें मान्य आहे. मग फरक कोठें पडला? एकट्यादुकट्यानें द्वेष केला तर तो दोष त्याच्या पत्रिकेंत मांडला जातो. तोच द्वेष सगळ्या गांवानें केला, कीं तो 'जगाची रीत' ठरतो. गांवांतल्या कोणाच्याही पत्रिकेंत त्याची ओळ राहत नाहीं, आणि तो दोष ज्याचा द्वेष होतो त्याच्या नांवें चढतो. करणारे अनेक झाले म्हणजे नोंद सोसणाऱ्याच्या पानावर सरकते. आमच्या मतें ह्या सबंध विषयाचें मर्म हेंच होय.

आपल्या जुन्या मोक्षपटाशीं हें ताडून पाहावें. त्याचें कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. तें खरें असो वा नसो, त्या पटावरील सापांचा न्याय स्पष्ट आहे. साप हे काम, क्रोध, लोभ असे खेळणाऱ्याचे स्वतःचे दोष, आणि शिड्या हे त्याचे सद्गुण. ज्याचा दोष त्यासच साप गिळतो. 'सामाजिक लांछन' हा असा साप आहे कीं, दोष दुसऱ्याचा आणि गिळला जातो तिसराच.

(६) तिसरी नोंद : जगाच्या सदरांत

गेल्या वीस वर्षांत कांहीं अमेरिकन खेळकर्त्यांनीं ही नोंद हलविण्याचा यत्न केला. जूलिया बाँड एलिंगबो यांच्या इ. स. २००७ च्या 'स्टील अवे जॉर्डन' या खेळांत खेळाडू अमेरिकेंतील काळ्या गुलामांच्या भूमिका घेतात. त्यांत पात्राचें 'मोल' हा एक आंकडा असतो, व तो खेळाडूच्या इच्छेवर नसतो. मालकाच्या जगांत त्या माणसाची जी किंमत, तीवरून तो येतो. लियाम लिवानाग बर्क यांच्या इ. स. २०१३ च्या 'डॉग ईट डॉग' या खेळांत पॅसिफिक महासागरांतील एका बेटावर परकीयांची सत्ता बसते. मंडळींत जो सर्वांत श्रीमंत असेल त्यानें सत्ताधाऱ्याची भूमिका घ्यावयाची असा त्यांत दंडक आहे. आणि एतद्देशीय हे परकीयांहून हीन होत, हा खेळाचा पहिला नियम म्हणून उघडपणें कागदावर लिहावा लागतो. प्रत्येक प्रसंगाअखेर त्या नियमांबरहुकूम कोण वागला हें पाहून सोंगट्यांची देवघेव होते, व नियमांत नव्या नियमाची भर पडते. येथें लांछन कोणाच्याही पत्रिकेंत राहिलें नाहीं. तें राज्याच्या कायद्यांत गेलें, म्हणजे जेथें तें इतिहासांत होतें तेथेंच आलें.

ख्रिस स्पायव्ही यांच्या इ. स. २०१७ च्या 'हार्लेम अनबाउंड' या ग्रंथाची गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. इ. स. १९८१ पासून चालत आलेल्या 'कॉल ऑफ थूलू' या भयखेळाचा नेहमींचा काळ इ. स. १९२० नंतरच्या दशकाचा. स्पायव्ही यांनीं तो खेळ न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तींत नेला व काळ्या लोकांस कथेचे नायक केलें. वर्णद्वेष तेथें वगळलेला नाहीं. त्या काळच्या न्यूयॉर्कमधून तो वगळणें म्हणजे इतिहास खोटा करणें होय. मात्र तो कसा दाखवावा याची जबाबदारी सूत्रधाराच्या माथीं आहे, व त्याकरितां त्यास ग्रंथांत मार्गदर्शन केलें आहे.

मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सही शेवटीं हालचाल करावी लागली. इ. स. २०२० च्या जूनमध्यें त्याच्या प्रकाशकांनीं आपल्या जुन्या चित्रणांतील दोष कबूल केले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वंशाचे ठराविक गुण वाटेल तेथें हलविण्याची मुभा मिळाली. इ. स. २०२२ च्या डिसेंबरांत 'रेस' हा शब्द सोडण्याचें जाहीर झालें, आणि इ. स. २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्यें गुणवृद्धि जन्माऐवजीं पात्राच्या पूर्वायुष्यावरून, म्हणजे शिक्षण व व्यवसाय यांवरून, ठरविण्यांत आली. देहाच्या सदरांतील नोंद खोडावयास पन्नास वर्षें लागलीं.

(७) आपल्या दप्तरांकडे

इतकें वाचल्यावर अमेरिकेंतील खेळकर्त्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. इ. स. १८७१ च्या २७ व्या कायद्यानें इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांतील कांहीं जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. इ. स. १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति वाढून मुंबई इलाखाही त्यांत आला. त्या जमातींच्या नोंदवह्या झाल्या, हजेऱ्या झाल्या, सोलापुरासारख्या ठिकाणीं त्यांच्याकरितां तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. ज्या सरकारनें व ज्या गांवकऱ्यांनीं त्यांस संशयानें घेरलें, त्यांच्या संशयाची नोंदवही मात्र कोणी ठेविली नाहीं. इ. स. १९५२ त कायदा रद्द होऊन ह्या जमाती 'विमुक्त' झाल्या. वह्या बंद झाल्या. नजर बंद झाली नाहीं.

हें आम्ही कोणत्या अधिकारानें लिहितों, तें सांगणें प्राप्त आहे. आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतांना आमच्या वर्गांत पारध्याचा एक मुलगा होता. मधल्या सुटींत इतर मुलें त्याच्यापासून दूर बसत. कोणाची पेन्सिल हरवली कीं सर्वांच्या नजरा प्रथम त्याच्या दप्तराकडे जात. एकदां आमचीही गेली. वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकांत 'शेरा' या सदराखालीं आम्हीं लिहिलें : 'अभ्यासांत बरा. इतर मुलांत मिसळत नाहीं.' पुस्तक न्यावयास त्याचे वडील आले. त्यांस अक्षरओळख नव्हती. "गुरुजी, काय लिवलंय?" असें त्यांनीं विचारिलें, म्हणून आम्हीं शेरा वाचून दाखविला. ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "त्यो मिसळतुया गुरुजी. त्येला कुनी घेत न्हाई." एवढें बोलून, पुस्तक नीट घडी केलेल्या फडक्यांत गुंडाळून, ते निघून गेले.

त्या गृहस्थांनीं आमची नोंद दुरुस्त केली होती. आम्हीं ती कागदावर केली नाहीं. वर्गांतील चाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांत 'सोबत्यास जवळ घेत नाहीं' असा शेरा मारावा, हें आमच्या स्वप्नांतही आलें नाहीं. तो शेरा आमच्या सहीनिशीं त्या मुलाबरोबर पुढच्या इयत्तेंत गेला. 'गर्प्स'चें तें कलम वाचतांना आम्हांस प्रथम आठवलें तें हेंच पान.

नातीस ही हकीकत आम्हीं सांगितली. तिनें आपले दहा गुण परत केले नाहींत. खेळाचा नियम तसा आहे, असें ती म्हणाली, व तें खरेंच आहे. मात्र पुढच्या डावास तीच सूत्रधार होती, तेव्हां तिनें एक वेगळा कागद घेतला, त्यावर कल्पित गांवाचें नांव घातलें, आणि त्याखालीं त्या गांवाच्या उणिवा लिहून काढिल्या. तो कागद आम्हीं पाहिला आहे. त्यांत परद्वेष ही पहिली ओळ आहे.

संशोधकांपुढें यावरून एक लहानशी सूचना ठेवावीशी वाटते. जुन्या कागदांत अमुक जमात चोरटी, अमुक आळशी, अमुक कोणांत न मिसळणारी, असा उल्लेख आला कीं तो त्या जमातीचें वर्णन म्हणून उतरून घेण्यापूर्वीं, तो लिहिणारा कोण होता व त्याच्या गांवाची वागणूक काय होती, हें विचारावें. आणि शक्य तेथें ती ओळ तिच्या खऱ्या धन्याच्या नांवें लावावी. आपापल्या गांवच्या शाळांच्या व चावड्यांच्या जुन्या दप्तरांतून अशा नोंदी पुष्कळ सांपडतील. त्या वाचकांनीं उजेडांत आणाव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.